क क्रूसाचा, म मेंढराचा

'क कमळाचा' आपण सगळ्यांनीच घोकला. वसईतल्या मराठी कॅथलिक घरात तोच 'क' क्रूसाचाही होऊ शकतो. आइस्क्रीमच्या दोन काड्या उभ्या-आडव्या चिकटवल्या, की झाला क्रूस! पुठ्ठ्याच्या 'म'वर कापूस डकवा, ते मेंढरू. मग शंभरातले एक मेंढरू हरवून सापडल्याची येशूने सांगितलेली गोष्ट सांगा. 'ज' जपमाळेचा. दोऱ्यात दहा मोठे मणी ओवले, की मरियेच्या दहा प्रार्थना बोटांनी मोजता येतात.

चार वर्षांच्या मुलाला 'श्रद्धा' हा शब्द उमगत नाही. हरवलेले सापडल्याचा आनंद मात्र उमगतो. काडी वाकडी लागली तर लागू द्या. शाळा इंग्रजी असली, तरी आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकातली अक्षरे अशी नातवंडांच्या हातात उतरतात.