साठीनंतरची ऐरण

निवृत्त माणसाला सल्ले फार मिळतात. योगासनं करा, ज्ञानेश्वरी लावून वाचा, नातवंडं सांभाळा. सोसायटीचं चेअरमनपद घ्या असं सुचवणारे हितशत्रूही भेटतात. लोहारकाम शिका, असं मात्र मला कुणीही सुचवलं नव्हतं. बत्तीस वर्षं बँकेत खर्डेघाशी आणि उरल्या वेळात कादंबऱ्या, म्हणजे दोन्हीकडून माझा संबंध कागदाशीच. नव्या कादंबरीत एक लोहार आला. त्याच्या तोंडी काय घालायचं ते सुचत होतं. त्याचे हात काय करत असतील, ते काही सुचेना. म्हणून सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावी एका भट्टीवर जाऊन बसू लागलो. बसता बसता हातोडा हातात आला. त्याला आता दोन वर्षं होतील. कादंबरी मागे पडली आहे, रविवारची भट्टी चुकत नाही.

गावात सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही. माझ्याहून चारेक वर्षांनी मोठे. ते मला 'साहेब' म्हणतात, पण 'साहेब, कोपर आवरा' असं ओरडतात तेव्हा त्यातला साहेब आपोआप जमिनीवर येतो. पहिले दोन महिने त्यांनी मला हातोड्याला हात लावू दिला नाही. पंखा फिरवायचा आणि बघायचं. चामड्याचा भाता कधीच गेला, त्या जागी हाताने फिरवायचा पंखा आला. विजेचाही एक आहे, पण वीज असेल तेव्हा.

लोहाराची जागा अंधारी का असते, हा प्रश्न मला लहानपणापासून होता. वाटायचं, गरिबी. कारण वेगळंच निघालं. तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात खोटा दिसतो, आणि लोहाराचं थर्मामीटर म्हणजे तो रंग. आधी काळपट तांबडा, मग डाळिंबी, मग केशरी, मग पिवळा. त्याच्याही पुढे गेलं आणि फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या की पोलाद जळायला लागलं समजायचं. तो तुकडा भंगारात. ठोकायचं ते केशरीवर. तांबडा रंग काळवंडायला लागला की हात थांबवून पुन्हा निखाऱ्यात. म्हणजे दर खेपेला हातात थोडेच क्षण. तेवढ्यात कुठे मारायचं, किती मारायचं हे ठरलेलं असावं लागतं. ऐरणीवर आणून विचार करायला वेळच नसतो. कादंबरीकाराला ही सवय नाही.

सुरी, विळा, कोयता यांना लागतो ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. खिडकीच्या गजाचीही सुरी घडते, दिसतेही छान, पण तिची धार टिकत नाही. कारण कार्बन. गजात तो अगदी थोडा, कमानीच्या पोलादात शेकडा अर्ध्याच्या आसपास. एवढ्याशा फरकावर सगळा संसार. जुन्या पाट्याचं एक भय असतं. वर्षानुवर्षं धक्के खाऊन त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडलेल्या असतात. माझी तिसरी सुरी घडून, घासून, देखणी होऊन पाण्यात जाताच 'टिंग' करून बोलली आणि मधोमध दुभंगली. मामांनी तुकडे उजेडात धरले. चिरेची जुनी कड काळी होती, नवी कड चांदीसारखी. "ही आधीपासनंच मेलेली होती," एवढंच म्हणाले.

'पाणी देणं' हा शब्द आपण सहज वापरतो. मराठीत माणसाचंही पाणी जोखतात. त्यामागची करणी मी साठी उलटल्यावर पाहिली. पातं डाळिंबीच्या जरा पुढे तापवायचं. तिथे एक गंमत होते. साधारण ७७० अंशांवर लोखंड लोहचुंबकाला ओळख देत नाही. माझ्यासारखे नवशिके दोरीला बांधलेलं चुंबक लावून बघतात. चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवायचं. मामांना चुंबक लागत नाही. मग धारेची बाजू तेवढी पाण्यात. तिथलं पोलाद काचेसारखं कठीण होतं, आणि काचेसारखंच ठिसूळ. दगडावर पडलं तर तुकडा उडेल. म्हणून पातं लगेच बाहेर काढून धार वाळूच्या दगडावर घासून चकचकीत करायची आणि थांबायचं. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे सरकू लागते. चकाकत्या पोलादावर आधी वाळल्या गवतासारखा पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरीला पिवळा पुरे. निळ्यापर्यंत गेली तर धार मऊ पडली. हवा तो रंग धारेला टेकताच पुन्हा पाण्यात. शहरातले हौशी लोक हेच काम कोमट तेलात बुडवून आणि मग ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास तास-दोन तास ठेवून करतात. कमानीच्या पोलादाला तेलच जास्त मानवतं, पाण्याने ते कधी तडकतं. पण तो रंग पात्यावरून चालत येताना पाहणं ओव्हनमध्ये नाही.

हौशी मंडळींवरून आठवलं. अमेरिकेत हाताने पाती घडवायची कला मरायला टेकली होती. विल्यम मोरन नावाच्या कारागिराने १९७३ साली थरांच्या 'दमास्कस' पोलादाची पाती लोकांपुढे ठेवली आणि १९७६ साली तिथे पातेकऱ्यांची संस्थाच निघाली. तिची परीक्षा ऐकण्यासारखी आहे. एकाच पात्याने इंचभर जाडीचा लोंबता दोर एका घावात तोडायचा, लाकडाची जाड फळी दोनदा तोडायची, त्यानंतरही त्याच धारेने हातावरचे केस निघाले पाहिजेत आणि शेवटी पातं ९० अंशांत वाकवायचं. तुटता कामा नये. ज्या दमास्कस तलवारींचं नाव जगभर झालं, त्यांतलं अस्सल पोलाद मुळात दक्षिण हिंदुस्थानातलं. कन्नडमधल्या 'उक्कू'वरून इंग्रजांनी त्याला 'वूट्झ' केलं. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांतून ते इराणपर्यंत जाई. लंडनमध्ये १८२० च्या सुमारास त्याचं गुपित शोधायला जो बसला, तो मायकेल फॅरेडे. वीजवाला फॅरेडे. तोही लोहाराचा मुलगा!

शेजारच्या एका कॉलेजकुमाराने मला तलवार करून मागितली. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकू शस्त्र ठरतो. घरकाम, शेती, शास्त्र, उद्योग यांसाठीचा असेल तर सूट. तलवारीला ती नाही. तेव्हा मी घरकामातच आहे. आमच्या हिला विळीचं पातं करून दिलं. तिने कोथिंबिरीची जुडी चिरली, टोमॅटो चिरला, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जुनी विळी माळ्यावर गेलेली दिसली. कैरी चिरली की पातं काळं पडतं, ही तिची तक्रार मात्र खरी. स्टेनलेस स्टीलला ती कटकट नाही. साधं पोलाद लगेच धुऊन, कोरडं करून तेलाचं बोट फिरवून ठेवावं लागतं.

कुणाला हे करून पाहायचं असेल तर एकच सांगतो. लाल लोखंडाला कुणी हात लावत नाही. भाजतं ते काळं पडलेलं, निवल्यासारखं दिसणारं. आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा पाइप भट्टीत कधीही घालू नका, त्याचा धूर छातीला बाधतो. नायलॉनचे कपडेही नकोत.

मामा फी घेत नाहीत. बदल्यात त्यांनी माझ्याकडून अर्ज भरून घेतला. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत जे अठरा धंदे आहेत, त्यांत लोहार आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, आणि पाच टक्क्यांनी एक लाखाचं कर्ज, अठरा महिन्यांच्या फेडीचं. ऐंशीच्या दशकात मी ग्रामीण शाखेत असताना एकात्मिक ग्रामीण विकासातून लोहारांची प्रकरणं येत. ऐरण, भाता, घण, सांडशी, असा खर्चाचा तक्ता असे. खांदा आणि डोळे यांचा रकाना त्यात नव्हता. आताच्या अर्जातही नाही. मामांचा उजवा कान गेलेला आहे.

"हप्ता किती विळ्यांचा पडेल, ते सांगा," मामांनी विचारलं. हप्ता बसतो सुमारे ५,७८० रुपये. कोळसा, पाटा, मूठ वजा जाता एका विळ्यामागे शंभर सुटतात, असं मामा म्हणाले. म्हणजे महिन्याला अठ्ठावन्न विळे. सुगीच्या तोंडावर एवढे जातीलही. पण आता शिवारात कापणीची यंत्रं फिरतात, आणि आठवडी बाजारात कारखान्यातले विळे ढिगाने मिळतात. मामांनी अवजारांचे पैसे घेतो म्हटलं, कर्जाचा रकाना कोरा ठेवायला सांगितला. उभ्या नोकरीत एवढं स्वच्छ प्रकल्प-मूल्यांकन मी पाहिलं नव्हतं.

एकदा मीच विचारलं, मी शिकतोय ते तुम्हाला कसं वाटतं? ज्या कामापायी त्यांच्या आज्याने बलुत्याच्या दाण्यासाठी खळ्यावर उभं राहायचं, ते मी मोटारीतून येऊन हौसेने करणार, हे मला खटकत होतं. मामा म्हणाले, "शिका की. पण तुमचं खुरपं वाकडं झालं तर तुमची भाकरी अडत नाही. म्हणून तुमचा हात हलका पडतो."

त्यांचा मुलगा एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. मागच्या महिन्यात सुट्टीला तो भट्टीवर आला होता. माझं खुरपं ऐरणीवर पडलं होतं, मानेत पीळ पडलेला. त्याने ते न विचारता उचललं, निखाऱ्यात घातलं, डावा पाय पुढे टाकून चार घाव घातले, पाचवा नुसताच ऐरणीवर टाकला. पीळ गेला. मग नळावर हात धुतले, मोटरसायकल काढली आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला. मामा ते खुरपं बराच वेळ बघत राहिले.

"हात आहे त्याचा," म्हणाले. "पण तिथं पगार आहे. पीएफ आहे."

मी बँकेतला माणूस. काय बोलणार! पंखा फिरवायला लागलो.