नाणे घट, पुनर्भारणक्षम

नाणे घट, पुनर्भारणक्षम : नाण्यासारखा चपटा, वर्तुळाकार व विद्युत् प्रवाह देऊन पुन्हा भारित करता येणारा विद्युत् घट. व्यवहारात या आकाराच्या घटांना ‘बटण सेल’ असेही म्हणतात. घड्याळे, स्वरमापक, नोंदयंत्रे इ. लहान इलेक्ट्रॉनीय साधनांत नाणे घट वापरतात.

घटाची निवड त्यावरील संकेतावरून करतात. ‘२०३२’ या संकेतातील २० हा व्यास (मिमी.) आणि ३२ ही मिमी.च्या दशांशांतील जाडी (३.२ मिमी.) होय. आधीची अक्षरे रासायनिक प्रकार दर्शवितात. सीआर २०३२ हा लिथियम-मँगॅनीज डाय-ऑक्साइड प्राथमिक घट असून त्याचा विद्युत् दाब ३ व्होल्ट व धारकता सु. २२० मिलिअँपिअर-तास असते. तो पुन्हा भारित करता येत नाही. एलआयआर २०३२ या लिथियम-आयन घटाचा दाब पूर्ण भारित अवस्थेत ४.२ व्होल्ट, तर धारकता केवळ सु. ४० मिलिअँपिअर-तास असते. एमएल २०३२ चा दाब ३ व्होल्ट व धारकता सु. ६५ मिलिअँपिअर-तास असून तो थोडाथोडा विसर्जित होऊन वारंवार भारित होण्यास योग्य असतो. हे तिन्ही घट एकाच खोबणीत बसतात. तथापि ते परस्परांचे पर्याय नव्हेत.

सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या सतार व तानपुरा या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. अशा तंतुवाद्यांना चिमट्याने अडकविता येणाऱ्या स्वरमापकांत पुष्कळदा सीआर २०३२ घट असतो. साधन ५ मिलिअँपिअर प्रवाह घेते असे मानल्यास हा घट सु. ४४ तास, तर एलआयआर घट एका भारणात सु. ८ तास पुरेल. रोजच्या वापरात दुसरा घट काटकसरीचा ठरतो. मात्र साधनास ४.२ व्होल्ट दाब सोसला पाहिजे.

याउलट सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर वा कोयना यांसारख्या अतिवृष्टीच्या भागात सौर विद्युतीवर चालणारे पर्जन्यनोंदयंत्र ठेवल्यास, ढगाळ दिवसांत मुख्य पुरवठा खंडित झाला तरी त्यातील घड्याळ चालू राहणे आवश्यक असते. एरवी नोंदींच्या वेळा निरुपयोगी होतात. घड्याळास ३ मायक्रोअँपिअर प्रवाह लागत असल्यास सीआर घट सैद्धांतिक दृष्ट्या सु. ८ वर्षे पुरतो. म्हणून तेथे प्राथमिक घट सोयीचा असतो. मंडलात भारणाची योग्य योजना असल्यास एमएल घट वापरतात. भारण मंडलात सीआर घट बसविल्यास तो फुगण्याचा, गळण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो.

गिळलेला नाणे घट अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर दाह होऊ शकतो; म्हणून तो मुलांपासून दूर ठेवतात व गिळल्याचा संशय आल्यास तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. निकामी घट घरगुती कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार ते स्वतंत्रपणे संकलनासाठी द्यावे लागतात.