नाव दारात, मत पडद्याआड

कित्येक वर्षे लांबलेली नगरपरिषदांची निवडणूक गेल्या डिसेंबरात एकदाची झाली. कुठे २ तारखेला मतदान, कुठे २० ला, आणि २१ डिसेंबर २०२५ ला निकाल. मतदारयादीत काही नावांपुढे दोन तारे छापले होते. ही दुबार नावे. तसा मतदार केंद्रावर आला तर दुसरीकडे मत दिलेले नाही आणि देणारही नाही, असे त्याच्याकडून लिहून घ्यायचे, असा राज्य निवडणूक आयोगाचा हुकूम होता. त्याआधी १ नोव्हेंबरला मुंबईत विरोधी पक्षांनी ‘सत्याचा मोर्चा’ काढला, तोही याच दुबार आणि बोगस नावांवरून. यादीवर एवढा गदारोळ झाला हे चांगलेच झाले. एका माणसाची दोन मते म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी एक मत पुसणेच.

पण त्याच दिवसांत आम्हा भडगावकरांच्या फोनवर जे फिरत होते, त्यावर मोर्चा काढायचे कुणालाही सुचले नाही. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका बाईंबद्दल पाच-सहा ओळी होत्या. खाली नाव नाही, गाव नाही. दुपारपर्यंत त्या सगळ्या पेठेत पोचल्या. मी ओळखीच्या एकाला विचारले, हे कुणी लिहिले? तो म्हणाला, “काका, मला आलं, मी पुढे पाठवलं.” ज्याला त्याला विचारले त्याचे हेच उत्तर. ज्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा अर्ज भरला, त्यांनी उत्तर द्यायचे ते कुणाला? मतदाराला आपण दारात ओळख विचारतो, आणि दुसऱ्याची अब्रू काढणाऱ्याला काहीच विचारत नाही. ही उलटी रीत कधीपासून आली, ते शोधत मी मागे गेलो.

फार मागचे थोडक्यात सांगतो. छापलेल्या कागदावर मुद्रकाचे नाव हवे, हा कायदा इंग्रजांनी १८६७ सालीच केला. त्यामागे त्यांची स्वतःची भीती होती. बोटाला न पुसणारी शाई आली ती १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत, म्हैसूरच्या सरकारी रंगाच्या कारखान्यातून. त्याच सुमारास लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२७-अ हे कलम घातले गेले. त्याच्याकडे पुढे वळतोच. सत्तरचे आणि ऐंशीचे दशक मी भराभर उलटतो. त्या काळात जे चालायचे ते दांडगाईने चालायचे, आणि दांडगाई करणारा निदान दिसायचा तरी.

मला सांगायचे आहे ते नव्वदच्या दशकाबद्दल.

तेव्हा भडगावात निवडणुकीची पत्रके ट्रेडलवर छापली जायची. छापखान्याचे मालक, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मजकूर हातात घेतला की आधी कागदाचा तळ बघायचे. तिथे नाव नसले की चष्म्यावरून बघत विचारायचे, “नाव कोनं टाकू?” नाव सांगितल्याशिवाय कंपोझिटर खिळ्यांच्या खणाला हात लावत नसे. हा आप्पांचा हट्ट नव्हता. १२७-अ मध्ये हेच लिहिले आहे. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने आपण कोण हे सही करून सांगायचे, आणि त्याला जातीने ओळखणाऱ्या दोघांनी त्या कागदावर साक्षीच्या सह्या करायच्या. त्या कागदाची एक प्रत छापलेल्या पत्रकासोबत जिल्हादंडाधिकाऱ्याकडे जायची. मोडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साक्षीला दोन माणसे आणायची म्हटल्यावर कितीतरी घाणेरडे मजकूर छापखान्याच्या पायरीवरूनच परत गेले. विरोधकाच्या घरातल्या बाईमाणसाबद्दल लिहून आणलेला कागद आप्पांनी एकदा माझ्यासमोर घडी घालून परत दिला. त्यांनी आवाज चढवला नाही की उपदेशही केला नाही. तो माणूस पुढे मोठ्या पदावर गेला. आप्पांचा छापखाना ऑफसेटच्या रेट्यात बंद पडला. हा हिशेब माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

कायद्यातून एक गोष्ट सुटली होती. हाताने नक्कल केलेला कागद त्या कलमात ‘छापलेला’ धरला जात नाही. त्यामुळे निनावी अर्जांचे पीक होतेच. माझ्या एका शिक्षक मित्रामागे असे अर्ज लागले. तो शिकवणीचे पैसे घेतो, शाळेचे धान्य विकतो, असे सगळे. चौकशी बसली, त्यात काही निघाले नाही, पण तोवर त्याची बदली झालेली होती. अर्ज कुणी लिहिला ते गावात सगळ्यांना ठाऊक होते, कारण अक्षर ओळखीचे होते. त्या काळातल्या निनावीपणालाही माग होता. पोस्टकार्डावर पोस्टाचा शिक्का असायचा. भडगावचा शिक्का नको म्हणून लोक पाचोऱ्याला किंवा कजगावला जाऊन कार्ड टाकायचे, आणि त्यावरूनच सापडायचे. देवीच्या नावाने ‘अकरा जणांना लिहा, नाहीतर नुकसान होईल’ अशी कार्डे यायची, तीही हाताने लिहावी लागत. पाचव्या-सहाव्या कार्डाला हात दुखायचा आणि साखळी तिथेच तुटायची. पुढे गावात झेरॉक्सचे मशीन आले आणि हात दुखायचा थांबला. मोडतोडीची सुरुवात मी तिथून धरतो.

केंद्रीय दक्षता आयोगाने २९ जून १९९९ ला हुकूम काढला की निनावी आणि खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करायची नाही. त्या हुकुमाला पुढे फाटे फुटले, पण माझ्या मित्राच्या बाबतीत तो काही वर्षे आधी निघायला हवा होता.

याच दशकात टी. एन. शेषन होते. १९९० च्या डिसेंबरात ते मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि १९९३ पासून फोटोचे ओळखपत्र सुरू झाले. आमच्याकडे शाळेच्या व्हरांड्यात कॅमेरा लागला. डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या बायका रांगेत उभ्या राहिल्या. त्यातल्या कितीकींचा तो पहिलाच फोटो. कार्डांवर नावे चुकली, वये चुकली, बापाच्या जागी नवऱ्याचे नाव आले. त्यावरून शेषनांची टर उडवणारे पुढारी गल्लोगल्ली होते; माणूस उद्धट आहे, खर्चात पाडतो, असे म्हणत. त्यांना खरी अडचण कसली होती ते आम्ही मतदान केंद्रावर बसणाऱ्यांनी पाहिले होते. मेलेल्या माणसांची मते पडत. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलांची मते पडत. पपईचा चीक लावून शाई काढायचे प्रयोग होत. १९९५ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ७२ टक्के मतदान झाले, तेव्हा आमच्या केंद्रावरची रांग दुपारी उन्हातही हलली नव्हती. शेषनांबद्दलचा माझा आदर अजून तसाच आहे.

मी तेव्हा पोलिंग एजंट म्हणून बसायचो. त्या कामाने मला एक गोष्ट शिकवली. पहिला मतदान अधिकारी मतदाराचे नाव मोठ्याने वाचतो, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे. समोरचा माणूस तो नाही असे एजंटला वाटले तर त्याने तिथेच, सर्वांदेखत आक्षेप घ्यायचा आणि दोन रुपये केंद्राध्यक्षाकडे ठेवायचे. मग केंद्राध्यक्ष विचारपूस करतात. आक्षेप खोडसाळ निघाला तर दोन रुपये जप्त. १९६१ च्या नियमात ही रक्कम लिहिली, ती आजही दोनच रुपये आहे. रक्कम किरकोळ असली तरी शंका घेणाऱ्यालाही चेहरा दाखवावा लागतो. आणि तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेले असेल, तर तुम्हाला रिकाम्या हाती परत पाठवत नाहीत. ‘प्रदत्त मत’ म्हणून वेगळी मतपत्रिका देतात. हे सगळे दाराशी झाले की मतदार पुठ्ठ्याच्या पडद्याआड जातो. तिथे त्याने काय केले ते केंद्राध्यक्षालाही कळत नाही. ओळख उघड आणि मत गुप्त, हा त्या खोलीचा सारा कारभार. एवढी शहाणी व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पुढची काही वर्षे माझ्या लेखी सपाट गेली. २००४ साली देशभर मतदान यंत्रे आली. मिनिटाला पाचापेक्षा जास्त मते घेऊ नयेत असेच ते यंत्र बांधलेले, म्हणजे केंद्र बळकावणाऱ्याच्या हाताला लगाम. याच सुमारास टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धांना मोबाईलवरून मते देणे सुरू झाले. २००५ मध्ये अभिजीत सावंत जिंकला तेव्हा महाराष्ट्राला आनंद झाला, मलाही झाला. पण एका फोनवरून हवी तितकी मते देता येतात आणि त्याला मतच म्हणतात, हे आमच्या मुलांच्या डोक्यात तिथे पहिल्यांदा बसले.

मग फोन स्वस्त झाले आणि प्रत्येक गल्लीचा ग्रुप झाला.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. सोलापूरकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तिथे गेले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप तेव्हा खानदेशभर फोनवरून पसरले होते. जमावाने त्या पाचांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मारून टाकले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! जिथे गावाने माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायचे, तिथे. त्याच रात्री आमच्या गिरणेच्याच काठावरल्या मालेगावात एका लहान मुलासह पाच जण असेच जमावाच्या तावडीत सापडले होते. पोलिसांनी त्यांना वाचवले. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. मुले जपा, हे सांगणारा शेवटचा भाग कुणीतरी काढून टाकला होता. हा ‘कुणीतरी’ कोण, ते आजवर कळलेले नाही.

राईनपाड्यानंतर पंधरवड्याने, १७ जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाच्या हत्यांबद्दल राज्यांना बंधने घातली. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण टाकायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. दुखणारा हात जे काम करायचा, ते आता यंत्राकडून करवून घ्यावे लागले. २०२४ च्या फेब्रुवारीत धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. शिक्षा झाली ती मारणाऱ्या हातांना.

केंद्र सरकारने २०२१ च्या नियमांत म्हटले की निरोपाचा पहिला कर्ता कोण ते कंपनीने सांगितले पाहिजे. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. असे केले तर सगळ्यांचेच खासगी बोलणे उघडे पडेल, असा तिचा युक्तिवाद. या भांडणात मी सरकारच्या बाजूने नाही. सत्येंद्र दुबे मला विसरता येत नाहीत. महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिले, आपले नाव गुप्त ठेवा असे विनवले. नाव फुटले, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. आपल्याकडे तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टींना जानेवारी २०१० मध्ये मारले; तेही जमिनीचे व्यवहार उघडपणे खोदून काढत होते. दुबळ्याला नाव झाकायचा हक्क हवाच. पण दुबे निनावी नव्हते. त्यांनी नाव दिले होते, फक्त ते जपा म्हणाले होते. आमच्या पेठेत त्या बाईंबद्दल लिहिणाऱ्याने नाव कुणापाशीच ठेवलेले नव्हते. या दोघांना एकाच मापाने मोजणाऱ्यांशी माझे कायमचे भांडण आहे.

आणि पहिला कर्ता सापडत नाही म्हणून हात टेकायचेही कारण नाही. ग्रुपमध्ये टाकणारा तर समोर दिसतो, त्याचा नंबर दिसतो. आप्पांच्या छापखान्यात मजकूर कुणी का लिहिलेला असेना, प्रकाशक म्हणून सही करणाऱ्यालाच जबाबदार धरत. महिला पत्रकारांबद्दलचा हीन मजकूर पुढे पाठवणारे अभिनेते एस. व्ही. शेखर ‘मी फक्त पुढे पाठवले’ म्हणाले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये ते मानले नाही, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा दिला नाही. ग्रुपच्या ॲडमिनला मात्र दुसऱ्याच्या मजकुरासाठी गुन्हेगार धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले, आणि ते रास्त आहे. पण त्याच निकालाने हेही म्हटले की सभासदाला घेणे आणि काढणे त्याच्या हातात असते. म्हणजे दारावरचा माणूस तोच. आमच्या पेठेतल्या ग्रुपच्या ॲडमिनांनी डिसेंबरात ते दार सताड उघडे ठेवले, आणि त्यातले दोघे माझे विद्यार्थी आहेत.

उमेदवाराला अर्जाबरोबरच्या शपथपत्रात आपली समाजमाध्यमांवरची खाती जाहीर करावी लागतात. त्या खात्यांवरून कुणी घाण टाकत नाही. ती दुसरीकडून येते. म्हणून पुढच्या निवडणुकीआधी जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांना मी एक अर्ज देणार आहे, खाली नाव-पत्ता घालून. १२७-अ मध्ये छापील पत्रकाला जे लागू आहे, ते फोनवरून पसरवलेल्या निवडणुकीच्या मजकुरालाही लागू करण्याची शिफारस त्यांनी निवडणूक आयोगाला करावी. आणि तोवर, तक्रार आली तर तो मजकूर पुढे पाठवणाऱ्याला प्रकाशक धरून त्याचा जबाब घ्यावा. साक्षीला दोन माणसे लागली तर भडगावात ती मिळतील.