नांदेडहून उत्तरेला गेलेला रस्ता

सचखंड एक्सप्रेस रोज अमृतसरहून येते आणि पगड्यांची गर्दी फलाटावर उतरते. ती पाहून आपल्याकडे एक समज घट्ट झाला आहे: पंजाबने द्यायचं, नांदेडने ठेवून घ्यायचं. इतिहास मात्र दोन्ही बाजूंनी चालत आला आहे.

गुरू नानकांचा जन्म 1469 चा. त्याच्या शतकभर आधीच संत नामदेव उत्तरेत पोहोचले होते. परंपरा त्यांचं गाव शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं नरसी मानते. त्यांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानमध्ये त्यांचं स्मारक आहे. 2015 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं, ते याच नात्यामुळे.

गुरू गोविंदसिंगांचा जन्म पंजाबात झाला, असंही सर्रास सांगितलं जातं. ते जन्मले पाटण्यात, 1666 साली. बंदा बहादूरलाही लोक पंजाबचाच समजतात. तो जम्मूकडच्या राजौरीचा. बैरागी होऊन माधोदास या नावाने तो गोदाकाठी मठ करून राहत होता. मुघल बादशहा बहादूरशाहाच्या छावणीबरोबर दक्षिणेत आलेल्या गुरूंची आणि त्याची भेट 1708 साली नांदेडात झाली. गुरूंनी त्याला खालसा पंथात घेतलं आणि पंजाबकडे धाडलं. 7 ऑक्टोबरला गुरू ज्योतीत विलीन झाले. ज्या सरहिंदच्या सुभेदाराने गुरूंच्या दोन लहान मुलांना मारवलं होतं, ते सरहिंद बंद्याने मे 1710 मध्ये जिंकलं. पंजाबच्या इतिहासाला कलाटणी देणारी ही मोहीम नांदेडच्या मठातून निघाली, हे आपल्या शाळांमध्ये ठासून सांगायला हवं.

पंजाब म्हणजे आज नकाशावर दिसतं तेवढं राज्य, हाही एक गैरसमज. ते राज्य 1966 चं. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याची इमारत 1832 ते 1837 या काळात बांधवून घेणारे महाराजा रणजितसिंग लाहोरहून राज्य करत होते. लाहोर आता पाकिस्तानात आहे, आणि नांदेड त्या वेळी निजामाच्या मुलखात होतं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथल्या शिखांना पाहुणे समजणं. शीख धर्माच्या पाच तख्तांपैकी एक, हजूर साहिब, नांदेडात आहे आणि त्याभोवती दखनी शिखांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्यांना मराठी परकी नाही. तख्ताच्या रीतीही स्वतःच्या. रोज गोदावरीचं पाणी घागरीत भरून आणतात आणि त्याने गाभारा धुतात. गुरू ग्रंथसाहिबाशेजारी इथे दशम ग्रंथाचाही प्रकाश असतो, म्हणजे तोही उघडून ठेवलेला असतो. अमृतसरच्या हरमंदिर साहिबात तसं नसतं. दसऱ्याला ‘हल्ला’ ही मिरवणूक निघते तेव्हा निशाण आणि घोड्यांमागे धावणाऱ्या गर्दीत नांदेडची पोरंच जास्त असतात.