नर्मदाकाठाने एकट्याने : नेमावर ते हथनोरा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखादा प्रवासलेख असतो. या वर्षी तो मी लिहावा, अशी सूचना संपादक मंडळाने केली. प्रवासवर्णनाचा मला सराव नाही. शिवाय ज्या प्रवासाविषयी लिहावयाचे, त्यात एका वैद्यकाने स्वतःच्या शरीराविषयी दाखविलेल्या निष्काळजीपणाची हकिगतही आहे. ती वगळून केवळ निसर्गशोभा वर्णावी, असा मोह झाला होता. परंतु समव्यवसायी वाचकांपुढे अर्धे सत्य ठेवणे योग्य नव्हे, म्हणून दोन्ही गोष्टी सांगतो.

आपणा माळव्यातील मराठी माणसांना नेमावर परके नाही. देवास जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, खातेगावच्या पुढे नर्मदेच्या उत्तर तीरावर हे गाव वसले आहे. पलीकडच्या तीरावर हरदा जिल्ह्यातील हंडिया आहे. अकबराच्या काळी हंडिया हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. नेमावर त्याहूनही जुने असावे. अकराव्या शतकात अल-बिरुनीने धारहून दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गाचे टप्पे दिले आहेत. त्यांत नर्मदाकाठच्या 'नमावर'चा उल्लेख येतो, आणि ते हेच स्थान असे मानले जाते. घाटावरील सिद्धनाथाचे मंदिर परमारकालीन असून त्याचे भूमिज शैलीचे शिखर प्रातःकालीन उन्हात पाहण्यासारखे आहे. जवळच जैनांचे सिद्धोदय सिद्धक्षेत्र आहे. अमरकंटकपासून खंबायतच्या आखातापर्यंत नर्मदेचा प्रवाह १३१२ किलोमीटरचा. त्याच्या मध्यावर नेमावर येते अशी श्रद्धा असल्याने या स्थानाला नर्मदेची नाभी म्हणतात.

नर्मदेची परिक्रमा पायी करण्याची परंपरा सर्वश्रुत आहे. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची आणि तिचे पात्र कोठेही ओलांडावयाचे नाही, हा तिचा मुख्य नियम. त्यामुळे दक्षिण तीरावरचा यात्रिक प्रवाहाबरोबर पश्चिमेकडे जातो, तर उत्तर तीरावरचा प्रवाहाच्या उलट दिशेने पूर्वेकडे. पारंपरिक मुदत तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस, कारण चातुर्मासात एका जागी मुक्काम करावयाचा असतो. मराठी मनाला या वाटेची ओढ जुनीच आहे. टेंबेस्वामींनी १९१४ साली देह ठेवला तो नर्मदाकाठच्या गरुडेश्वरी. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने तर दोन-तीन पिढ्यांना ही वाट घरबसल्या दाखविली.

माझी पदयात्रा मात्र परिक्रमा नव्हती. संकल्प केला नव्हता, व्रत घेतले नव्हते. वयाची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाल्यावर एकदा तरी पाठीवर सामान घेऊन आठ दिवस एकट्याने चालावे, एवढीच इच्छा होती. नेमावरहून निघून उत्तर तीराने सीहोर जिल्ह्यातील हथनोरापर्यंत जावयाचे, रोज पंधरा ते अठरा किलोमीटर चालावयाचे, असा बेत आखला. हथनोरा निवडण्याचे कारण पुढे येईल.

सामानाचा विचार आधी केला. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. माझे वजन ६६ किलो, सॅक भरली ९ किलोची. त्यात स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, कपड्यांचे दोन जोड, शिधा, दोन लिटर पाणी, विजेरी, जलसंजीवनीची पाकिटे आणि औषधांचा डबा होता. गेली अकरा वर्षे मला मधुमेह आहे. लांब चालण्याच्या दिवशी स्नायू रक्तातील साखर अधिक प्रमाणात वापरतात आणि हा परिणाम रात्रीपर्यंत टिकतो. सल्फोनिलयुरिया गटातील गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर त्यामुळे झोपेतही उतरू शकते. म्हणून माझ्या चिकित्सकांच्या सल्ल्याने मात्रा कमी केली, ग्लुकोमीटर घेतला आणि खिशात गुळाचे खडे ठेवले. तयारी परिपूर्ण झाली, असे मला वाटले.

डिसेंबरातील एका पहाटे सिद्धनाथाचे दर्शन घेऊन निघालो. नदीवर दाट धुके होते आणि पलीकडचे हंडिया दिसतच नव्हते. धुके विरळ होऊ लागले तेव्हा वाळूच्या पट्ट्यावर नारिंगी रंगाची चक्रवाकांची जोडी दिसली. डाव्या हाताला दूरवर विंध्याची रेषा, उजव्या हाताला नदी आणि तिच्याही पलीकडे सातपुड्याची पुसट निळाई. भारतातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत असता नर्मदा पश्चिमेकडे का जाते, याचे उत्तर या दोन रेषांत आहे. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधला भूभाग भूकवचातील जुन्या भेगांच्या अनुरोधाने खचला आणि त्या खचदरीतून नदीने आपला मार्ग काढला. हीच दरी पुढे गाळाने भरून आली. त्या गाळाच्या काळ्या मातीत आज गहू आणि हरभरा डोलतो.

काठाने चालणे नकाशावर दिसते तेवढे सोपे नाही. गाळाचे काठ उंच आणि उभे असतात, त्यांना पावसाने खोल घळी पाडलेल्या असतात. प्रत्येक ओढा, प्रत्येक उपनदी नर्मदेला मिळते तेथे वाट संपते. मग आत वळून उतार शोधावा लागतो आणि एक किलोमीटरच्या अंतरासाठी तीन किलोमीटर चालावे लागते. छिपानेर मागे टाकून नीलकंठजवळ कोलार नदी ओलांडताना बूट गळ्यात अडकवून गुडघाभर पाण्यातून गेलो. पाणी बर्फासारखे थंड, तळाशी गुळगुळीत गोटे आणि पाठीवर नऊ किलो. दोनदा तोल गेला, काठीने सावरले. पैलतीरी खडकावर बसून पाय वाळवताना जो आनंद झाला, तो गेल्या वीस वर्षांत क्वचितच झाला असेल.

वाटेत कोणी मला नाव विचारले नाही. पाठीवर ओझे आणि हातात काठी पाहून 'नर्मदे हर' म्हणत, आणि मी परकम्मावासी नाही असे सांगितले तरी चहा देत. परिक्रमा करणाऱ्याला शिधा देण्याच्या प्रथेला येथे सदावर्त म्हणतात. एका झोपडीत पीठ, डाळ आणि मीठ मिळाले, चूल मात्र आपण पेटवावयाची. तीस वर्षे 'डॉक्टरसाहेब' ही हाक ऐकणाऱ्या माणसाला नुसते 'बाबाजी' होणे फार हलके वाटले.

येथे एक सूचना, जी प्रत्येक पदयात्रिकाने लक्षात ठेवावी. संध्याकाळी वाळूचे बेट मुक्कामासाठी मोहक दिसते, परंतु तेथे झोपू नये. नर्मदा आता धरणांची नदी आहे. वरच्या बाजूला बरगी, तवा नदीवर तवा, खाली इंदिरासागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर. वीजनिर्मितीसाठी वा अन्य कारणाने पाणी सोडले की पाऊस नसतानाही पातळी वाढते. आपल्याच देवास जिल्ह्यातील धाराजी येथे एप्रिल २००५ मध्ये अमावास्येच्या यात्रेच्या वेळी इंदिरासागरातून आलेल्या पाण्याने नदीपात्रातील अनेक यात्रेकरू वाहून गेले. त्या रात्री आकाश निरभ्र होते म्हणून कोणी सावध नव्हते. धोक्याची जुनी खूण, म्हणजे ढग, आता पुरेशी उरलेली नाही. मी प्रत्येक मुक्काम उंच काठावर, गावात वा मंदिरात केला.

पाचव्या दिवशी आंवलीघाटच्या अलीकडे एका वस्तीवर थांबलो. बूट काढून ओसरीवर चढलो. घरातली वृद्धा पाणी घेऊन आली आणि मागे सारवलेल्या जमिनीकडे पाहत म्हणाली, "बाबाजी, पाँव से खून निकल रहा है।" मी मागे वळून पाहिले. माझ्या उजव्या पावलाचे चार ठसे उमटले होते, आणि चारही लाल होते.

मला काहीही दुखले नव्हते. हेच या लेखाचे मर्म आहे.

पायमोज्याला पडलेली घडी आणि तीत अडकलेली वाळू, एवढे कारण पुरेसे झाले होते. घर्षणाचा फोड कसा होतो हे आपण जाणतो. हाडाबरोबर आतील ऊती पुढे सरकतात, बाहेरची त्वचा मोज्याला चिकटून राहते. या ताणाने बाह्यत्वचेच्या मधल्या थरात फट पडते आणि तीत द्रव साठतो. निरोगी माणूस फोड येण्याआधीच, त्वचा तापू लागताच थांबतो. वेदना त्याला थांबविते. मला थांबविणारे कोणी नव्हते. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर फोड आला, फुटला, त्याखालची त्वचा सोलली गेली आणि मी चक्रवाक पाहत चालत राहिलो. रक्तातली साखर मी दिवसातून तीनदा मोजत होतो. पाय एकदाही पाहिले नव्हते.

दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट माझ्या टेबलाच्या खणात आहे. शेकडो रुग्णांच्या तळव्याला मी तो लावला. स्वतःच्या पायाला लावल्याला सहा वर्षे झाली होती, आणि तेव्हाही एका ठिकाणी उत्तर संदिग्ध होते. ते मी सोयीस्करपणे विसरलो. पाय रोज पाहा, बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवा, अनवाणी चालू नका, ही वाक्ये मी दिवसातून दहा वेळा उच्चारतो. कोलार नदी मी अनवाणी ओलांडली होती.

उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुतली आणि निर्जंतुक पट्टी बांधली. त्या रात्री झोप आली नाही. हथनोरा तीन दिवसांवर होते. पट्टी घट्ट बांधून, दुसऱ्या पायावर भार देत जाता येईल, दुखत तर नाहीच, असे मन सांगत होते. एखाद्या रुग्णाने हेच बोलून दाखविले असते, तर मी त्याला काय म्हटले असते? एकट्याने प्रवास करण्यातला खरा धोका वन्य पशू किंवा चोर नव्हे. आपला निर्णय तपासणारा दुसरा माणूस नसतो, हा तो धोका. सकाळी मी बस धरली आणि घरी परतलो.

एचबीएवनसी ८.१ निघाले. मोनोफिलामेंटच्या परीक्षेत दोन्ही तळव्यांवर मिळून चार ठिकाणी संवेदना नव्हती. क्ष-किरणात हाड सुरक्षित होते, नाडी उत्तम लागत होती. पायावरचा भार काढला आणि जखम भरून यायला पाच आठवडे लागले. आणखी तीन दिवस चाललो असतो तर काय झाले असते, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

माघात पुन्हा आंवलीघाटाला गेलो. या वेळी खोलगट बूट, शिवण नसलेले दुहेरी पायमोजे आणि एक छोटा आरसा बरोबर होता. दर दोन तासांनी बूट काढून तळवे आरशात पाहत असे. रोज बारा किलोमीटरांहून अधिक चाललो नाही. पळस फुलू लागला होता. बुधनीत लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी पाहिली, नातीसाठी भोवरा घेतला. नदीपलीकडे पूर्वीचे होशंगाबाद, म्हणजे २०२२ पासूनचे नर्मदापुरम, दिसत होते. चौथ्या दिवशी हथनोराला पोहोचलो.

या गावाजवळच्या गोट्यामातीच्या थरात ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा अश्मीभूत भाग सापडला. भारतात मिळालेल्या प्राचीन मानवी अवशेषांत तो सर्वांत महत्त्वाचा गणला जातो. प्रथम त्याला होमो इरेक्टसचा प्रकार मानले गेले. पुढे १९९१ मध्ये केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आर्ष होमो सेपियन्सचा असल्याचे मत मांडले. कवटी बहुधा स्त्रीची असावी, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. जागेवर आज पाहण्यासारखे फारसे काही नाही. उंच काठ, त्यात रुतलेले गोटे आणि खाली संथ पाणी.

तेथे बसून मी बूट काढले, आरसा काढला आणि तळवे पाहिले. दोन्ही स्वच्छ होते. लाखो वर्षांपूर्वी या काठाने चालणाऱ्या त्या स्त्रीजवळ आरसा नव्हता, परंतु तिच्या तळव्यांना खडा टोचत असणार. माझ्यापेक्षा ती तेवढी सुदैवी होती.

समव्यवसायी मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते. जरूर चाला, एकटे चाला, आपल्या दाराशी नर्मदेसारखी वाट आहे. मात्र निघण्यापूर्वी एक सायंकाळ स्वतःसाठी राखून ठेवा, खणातला मोनोफिलामेंट काढा आणि तो एखाद्या सहकाऱ्याच्या हाती देऊन आपले डोळे मिटा.

नर्मदे हर!