गाळात लिहिलेले पूर

2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी 55 फुटांच्या वर चढलं. तिथली धोक्याची पातळी 43 फूट. असा पूर आयुष्यात एकदाच बघायचा असतो, असं म्हणत लोकांनी घरातला चिखल उपसला. पुढे दोनच वर्षांत, 2021 च्या जुलैमध्ये, पाणी 56 फुटांवर गेलं.

त्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी दोन पूररेषा होत्या, निळी आणि लाल. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. ही शंभर वर्षं कुणी मोजली? आपल्या बहुतेक नद्यांवर पाणी मोजण्याची सलग नोंद जेमतेम काही दशकांची आहे. तेवढ्या आकड्यांवरून गणिताने पुढचा अंदाज बांधतात. गणितात खोट नाही, पण त्याच्या हाती दिलेली वही फार पातळ आहे.

नदीची स्वतःची वही मात्र जाड आहे. ती तिने गाळात लिहिली आहे, आणि ती वाचणारी मोजकी माणसं आपल्याकडे, पुण्यातच, घडली. त्यांची ओळख पूरग्रस्त गावांनाही नसावी याची मला खंत वाटते.

या विद्येला पुरापूरशास्त्र म्हणता येईल. पुरा म्हणजे जुना; हे जुन्या पुरांचं शास्त्र. अमेरिकेत टेक्सासमधल्या पेकोस नदीवर काम करून क्रेग कोशेल आणि व्हिक्टर बेकर यांनी 1982 साली ‘सायन्स’मध्ये ते मांडलं. मूळ कल्पना कुठल्याही नदीकाठच्या माणसाला पटेल. पुराचं पाणी मधल्या धारेत वेगाने धावतं, पण जिथे ओढा येऊन मिळतो, कातळाची कपार असते किंवा खडक आडवा आलेला असतो, तिथे ते तुंबून संथ होतं. संथ पाण्यात गढूळपणा टिकत नाही. बारीक रेती आणि मळी खाली बसते आणि पूर ओसरल्यावर तिथेच राहते. पुढचा मोठा पूर त्यावर नवा थर घालतो. मधल्या शांत वर्षांत त्या थरावर पाचोळा पडतो, मुळं उतरतात, कधी कुणी चूल पेटवल्याचा कोळसा राहतो, कधी ओढ्याने आणलेला मुरूम पसरतो. म्हणून एक पूर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे दरडीचा काप नीट तासला की डोळ्यांनी दिसतं.

थर जितक्या उंचीवर बसला, निदान तितकं तरी पाणी चढलं होतं. ‘निदान’ हा शब्द या विद्येत फार महत्त्वाचा, कारण पाणी त्याहून वरही गेलं असेल. मग नदीचं पात्र आडवं मोजायचं, उतार काढायचा, आणि त्या उंचीला दर सेकंदाला किती पाणी वाहत असेल ते गणिताने ठरवायचं. याला अट एकच, पात्र बदललेलं नसावं. मातीच्या काठांची नदी पात्र बदलते, दगडी घळीतली सहसा बदलत नाही. म्हणून ही माणसं घळी शोधत हिंडतात.

भारतात अशा घळींचं मोठं दान नर्मदा आणि तापी यांच्या पदरात आहे. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे, डेक्कन कॉलेजातल्या शीला मिश्र, अमेरिकेतून आलेले बेकर आणि लिसा एली यांनी मध्य प्रदेशातल्या नर्मदेच्या घळींत हे थर वाचले. एलींच्या पुढाकाराने झालेला त्यांचा निबंध 1996 साली आला आणि पाठोपाठ नर्मदेकाठच्याच साकरघाटच्या दोन हजार वर्षांच्या पुरांची नोंद प्रसिद्ध झाली. आपल्याकडे नर्मदा म्हटलं की परिक्रमा आठवते, गरुडेश्वर म्हटलं की टेंबे स्वामी. त्याच गरुडेश्वरला 6 सप्टेंबर 1970 रोजी नर्मदेचा विसर्ग सेकंदाला 69,400 घनमीटर मोजला गेला. खडकवासल्यातून वीस-पंचवीस हजार क्युसेक सोडलं की पुण्यात भिडे पूल पाण्याखाली जातो. नर्मदेचा तो आकडा क्युसेकमध्ये साडेचोवीस लाखांच्या घरात भरतो. मोजलेला सर्वांत मोठा पूर हा. मोजमापाच्या आधी काय आलं होतं, ते फक्त गाळ सांगतो.

गाळाचं वय काढण्याच्या रीती ऐकाव्यात अशा आहेत. कोळसा सापडला तर किरणोत्सारी कार्बनवरून वय ठरतं. कोळसा नसेल तर रेतीलाच विचारतात. गारगोटीचा कण अंधारात गाडला गेला की भोवतालच्या मातीतल्या सूक्ष्म किरणोत्साराची ऊर्जा त्याच्यात साठत जाते. उन्हाची तिरीप लागली की तो साठा रिकामा होतो. म्हणजे कणाने ऊन शेवटचं कधी पाहिलं, ते त्यातल्या साठ्यावरून कळतं. त्यासाठी लोखंडी नळी थरात ठोकतात, दोन्ही तोंडं काळ्या कापडाने बंद करतात आणि प्रयोगशाळेत मंद लाल दिव्याखालीच ती उघडतात. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेत अशोक सिंघवी यांनी हे तंत्र भारतात रुजवलं. बेसाल्टच्या मुलखातल्या नद्यांत मात्र अशी रेती कमी मिळते, ही आपल्याकडची अडचण. तिसरी रीत आपल्या युगाची आहे. 1950 नंतरच्या अणुचाचण्यांमधून सीझियम 137 जगभर पसरलं. ते एखाद्या थरात सापडलं तर तो पूर आजच्या म्हाताऱ्यांनी पाहिलेला असू शकतो.

या सगळ्यातून निघालेला एक निष्कर्ष मला झोपू देत नाही. काळे आणि बेकर यांनी 2006 साली दाखवलं की मध्य आणि पश्चिम भारतातल्या नद्यांमध्ये ‘लघुहिमयुग’ म्हणतात त्या काळात पूर विलक्षण लहान होते. हे लघुहिमयुग साधारण चौदाव्या-पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंत चाललं. म्हणजे आपल्या आजच्या पेठा, घाट आणि वाडे ज्या शतकांत वसले, त्यांतला बराच काळ नद्या शांत होत्या. ‘आमच्या पणजोबांच्या वेळीही पाणी इथवर आलं नव्हतं’ हे नदीकाठी ऐकू येणारं वाक्य खरं असेल, पण त्यावर घर बांधू नये.

ही नजर एका दिवसात तयार झाली नाही. पुरातत्त्वज्ञ संकालियांनी 1954 पासून प्रवरेकाठी नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हापासून डेक्कन कॉलेजात दगडी हत्यारांइतकंच त्यांच्या भोवतीच्या वाळू-गोट्यांकडे बघायची शिस्त आली. शरद राजगुरू यांनी ती आयुष्यभर जपली. काळे आणि राजगुरू यांचा 1987 चा ‘नेचर’मधला निबंध याच दख्खनच्या पठारावरच्या नद्यांचा आहे. शेवटच्या हिमयुगात मोसमी पाऊस दुबळा होता, तेव्हा या नद्यांना आपलाच गाळ वाहून नेता येईना, त्या तो पात्रात टाकत राहिल्या. पुढे पाऊस बळावला आणि त्यांनी तोच गाळ कापत खोल वाट काढली. प्रवरा, घोड, भीमा यांच्या काठच्या उंच पिवळट दरडी म्हणजे त्या टाकलेल्या गाळाचा काप. लहानपणी त्या दरडींत आम्ही पोपटांची बिळं बघत होतो. समोर हजारो वर्षांचा पाऊस मांडून ठेवला आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

हे काम पायांचं आहे. पाणी उतरल्यावर, हिवाळ्यापासून मेपर्यंत. थापी, ब्रश, टेप, लेव्हल घेऊन एका दरडीसमोर दिवसच्या दिवस बसायचं. भूगोलाच्या, भूशास्त्राच्या आणि पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला सारखंच लागू पडणारं, पण तिन्ही विभागांच्या भिंतींमध्ये अडकलेलं. नोकरी लागते ती बहुधा भूजल सर्वेक्षणात किंवा महाविद्यालयात. पूररेषा आखणाऱ्या कचेरीत गाळ वाचणाऱ्याला वेगळी खुर्ची हवी, असं माझं ठाम मत आहे.

आणि घाई आहे. जलाशय भरला की घळीतले थर पाण्याखाली जातात. नर्मदेवर तर आता इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी रांगच आहे. आपल्याकडे काठचा पोयटा वीटभट्टीला जातो आणि वाळू रात्रीतून उपसली जाते. तेव्हा तुमच्या गावाशेजारी ओढा नदीला मिळतो तिथे एकावर एक बसलेल्या गाळाच्या पट्ट्या दिसल्या, किंवा देवळाच्या भिंतीवर जुन्या पुराची खूण असली, तर तिचा फोटो काढा, जमिनीपासूनची उंची मोजा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या नाहीतर भूशास्त्राच्या शिक्षकांना ती जागा दाखवा. भट्टीचा ट्रॅक्टर तिथे पोचण्याआधी दाखवा.