दातांचा पहारेकरी कोण?

अमेरिकेतल्या शाळांच्या फुटबॉल सामन्यात प्रेक्षकांची नजर चेंडूवर असते, पंचाची मात्र अनेकदा पोरांच्या तोंडावर. (हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. इथे लंबगोल चेंडू काखोटीला मारून, आडव्या येणाऱ्याला धडका देत पुढे घुसायचं असतं.) ओठांआड निळं किंवा लाल माउथगार्ड (दातांवर चढवायचं संरक्षक कवच) दिसलं की पंच निश्चिंत. तेच हेल्मेटच्या जाळीला लोंबकळत असेल, तर खेळ सुरू होण्याआधीच त्याचा आवाज चढतो.

तिथे शालेय खेळांचे नियम इंडियानापोलिसची ‘नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स’ ही संस्था ठरवते. शाळांत अकरा-अकराचा फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांहून अधिक आहेत. माउथगार्डची सक्ती त्यांच्यासाठी 1962 पासून आहे. कॉलेजांना ती दशकभरानंतर आली. गार्ड पांढरं किंवा पूर्ण पारदर्शक असलेलं चालत नाही. पोराने ते घातलंय की खिशात ठेवलंय, हे पंचाला लांबून कळायला हवं ना! गार्डने दातांची पुढची बाजू झाकली पाहिजे आणि वरच्या-खालच्या दातांच्या मध्येही ते आलं पाहिजे. अलीकडे पोरं गार्डला शोभेच्या वस्तू जोडू लागली, तेव्हा त्यांवरही बंदी आली.

बहुतेक मुलं दुकानातलं स्वस्त गार्ड घेतात. ते गरम पाण्यात मऊ करून चावायचं, की दातांचा ठसा उमटतो. दंतवैद्याकडून साचा घेऊन बनवलेलं गार्ड महाग असतं, पण घट्ट बसतं. सैल गार्ड बोलताना त्रास देतं, धापा टाकताना नकोसं होतं आणि पोरं ते चावून चावून त्याचा चोथा करतात. त्यामुळे ते तोंडाबाहेर येतं यामागे दरवेळी बेफिकिरीच असते असं नाही. नीट न बसलेल्या वस्तूचा वैतागही असतो. तो दोष विकत घेऊन देणाऱ्याचा.

उपयोग किती? खेळांतल्या माउथगार्डवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. गार्ड नसेल तर तोंडा-दातांना इजा होण्याचा धोका 1.6 ते 1.9 पट असतो, असं त्यात निघालं. मेंदूला बसणारा हादरा मात्र गार्डने टळतो, याला भक्कम पुरावा नाही. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, पालकांनी त्यावर विसंबू नये. त्या दुखण्यावरचा उपाय वेगळा आहे: लक्षणं दिसताच खेळाडूला बाहेर काढायचं आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत उतरवायचं नाही. वॉशिंग्टन राज्याने 2009 मध्ये त्याचा कायदा केला आणि काही वर्षांतच सगळ्या राज्यांत तसे कायदे आले.

खरी गोम अंमलबजावणीत आहे. सामन्यापूर्वी मुख्य पंच आणखी एका पंचाला सोबत घेऊन प्रशिक्षकाकडे जातो. आपली सगळी मुलं नियमाप्रमाणे सज्ज आहेत, याची ग्वाही प्रशिक्षकाने द्यायची असते. म्हणजे जबाबदारी सोळा वर्षांच्या पोरावर न टाकता मोठ्या माणसाच्या गळ्यात घातली आहे. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. पुढे मैदानात साधनं नीट नसलेला खेळाडू आढळला, की त्याला निदान एका डाउनपुरतं बाहेर बसवतात. डाउन म्हणजे चेंडू पुढे नेण्याचा एक प्रयत्न, जेमतेम काही सेकंदांचा. शिक्षा वाटते किरकोळ, पण संघाचा चेंडूफेक्या ऐन मोक्याला बाहेर गेला, की प्रशिक्षकाचा पारा असा चढतो की पुढच्या सरावाला गार्ड विसरायची कुणाची छाती होत नाही.

मोठ्या दंडाची गोष्ट वेगळी. शेवटची मिनिटं, बरोबरीचे गुण, आणि समोर गावातलेच ओळखीचे लोक. अशा वेळी रबराच्या तुकड्यावरून सामना फिरवायला पंच कचरतो आणि काणाडोळा करतो. आपल्याकडे कोपराला हेल्मेट अडकवून गाडी चालवणारे आणि त्यांना सोडून देणारे हवालदार बघितलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. म्हणून शिक्षा छोटी असावी, पण चुकवता येऊ नये.

गुडघ्यांचंही तेच. पँटने गुडघे आणि त्यांवरचे पॅड पूर्ण झाकले पाहिजेत, हा नियम स्पष्ट आहे. तरी पँट मांडीपर्यंत वर ओढून उघड्या गुडघ्यांनी धावायची फॅशन आहे आणि ती आली टीव्हीवरून. एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेने 2013 मध्ये खेळाडूंना गुडघ्या-मांड्यांचे पॅड सक्तीचे केले. तरीही कितीतरी नामांकित खेळाडूंचे गुडघे दर रविवारी उघडेच दिसतात, आणि शाळकरी पोरं बघून बघून शिकतात ते त्यांच्याकडूनच. शाळेचा पंच शुक्रवारच्या सामन्यात जे सांगतो, ते टीव्ही रविवारी पुसून टाकतो. एनएफएलने माउथगार्ड सक्तीचं केलं, तर शाळांची निम्मी डोकेदुखी जाईल. ते तिने अजून केलेलं नाही.